परवडणाऱ्या घरांसाठी हरकती-सूचना: वाचली जाईल अशी सूचना कशी तयार करावी

मुंबईत घरबांधणीचा नियम बदलायचा असला की राजपत्रात सूचना (जाहीर नोटीस) निघते आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत जेमतेम महिन्याची. मग वस्त्यांतून, चाळींतून, संघटनांकडून पत्रे जातात, सह्यांचे गठ्ठे जातात. काही महिन्यांनी अंतिम अधिसूचना येते तेव्हा मसुद्यातला एक शब्दही हललेला नसतो. त्यामागे बिल्डरांचे वजन असते, राजकारण असते, हे खरेच आहे. पण जाणाऱ्या पत्रांपैकी कितीतरी अशी असतात की दखल घ्यायची मनापासून इच्छा असलेल्या अधिकाऱ्यालाही त्यातून काही उचलता येत नाही. "गरिबांना परवडणारी घरे मिळालीच पाहिजेत" या वाक्याचे सुनावणी अधिकाऱ्याच्या अहवालात एका ओळीत उत्तर देता येते: "शासनाचे धोरण त्याच दिशेने आहे." विषय तिथेच संपतो.

हा लेख विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034, म्हणजे रोजच्या बोलण्यातला डीसीपीआर, आणि तिच्यातले फेरबदल यांच्याभोवती आहे. परवडणाऱ्या घरांचा बहुतेक निकाल तिथेच लागतो.

टप्पा 1: मागणी कोणत्या खात्याची, हे आधी ठरवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. एकाच पत्रात एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते), म्हाडाच्या सोडतीतल्या किमती, संक्रमण शिबिराचे थकलेले भाडे आणि आपल्या वस्तीतल्या शौचालयाची दुरुस्ती असे सगळे लिहिले, तर ते पत्र चार टेबलांवर फिरते आणि एकाही टेबलाचे होत नाही.

ढोबळ वाटणी अशी. डीसीपीआर आणि विकास आराखड्यातले बदल मंत्रालयातल्या नगरविकास विभागाकडे. म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन, उपकरप्राप्त इमारती (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती), भाडे नियंत्रण कायदा आणि राज्याचे गृहनिर्माण धोरण गृहनिर्माण विभागाकडे. एखाद्या ठरावीक भूखंडावरचे आरक्षण बदलायचा प्रस्ताव महापालिकेकडून येत असेल, तर सुरुवात महापालिकेच्या विकास नियोजन विभागात होते. असा प्रस्ताव सुधार समिती आणि सर्वसाधारण सभेपुढे जातो, म्हणून तिथे नगरसेवकाचा उपयोग असतो. मुद्रांक शुल्क आणि रेडी रेकनर (मालमत्तेचे सरकारी दर) महसूल विभागाचा विषय.

कायद्याचे कलमही बघून घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37(1) खाली महापालिका फेरबदलाची सूचना काढते. कलम 37(1कक) खाली शासन स्वतःच काढते. कलम 154 चे निर्देशही सोबत असतील तर सावध व्हा: बदल ताबडतोब अमलात आणायला सांगितलेला असतो आणि हरकतींची प्रक्रिया मागाहून पूर्ण होते. अशा वेळी "बदल करू नका" एवढेच लिहून उपयोग नाही. मधल्या काळात मंजूर झालेल्या प्रस्तावांचे काय करायचे, तेही लिहावे लागते.

> सावधान: वैयक्तिक तक्रार आणि धोरणाची सूचना एका कागदावर आणू नका. परिशिष्ट-2 मध्ये (झोपडीधारकांच्या पात्रतेच्या यादीत) अपात्र ठरवले, विकासकाने भाडे थांबवले, ही गाऱ्हाणी खरी आणि तातडीची आहेत. पण त्यांची जागा सक्षम प्राधिकारी, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण किंवा शिखर तक्रार निवारण समिती. हरकतीच्या पत्रात ती आली की अख्ख्या पत्रावर "वैयक्तिक स्वरूपाची" असा शेरा बसतो.

टप्पा 2: तयारी सूचना निघण्याआधी सुरू करा

माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. हरकतींची मुदतही तेवढीच. म्हणजे सूचना वाचून अर्ज टाकला तर उत्तर हातात पडेपर्यंत खिडकी बंद झालेली असते. ज्यांना दरवेळी नुसत्या भावना लिहाव्या लागतात, त्यांच्याकडे माहिती नसते असे नाही. ती वेळेवर मागवलेली नसते.

म्हणून आपल्या विभागापुरती एक फाइल कायम तयार असू द्या. तिच्यात हे कागद हवेत:

- आपल्या भागातल्या मोठ्या भूखंडांची यादी. भूमापन क्रमांक (उपनगरात सीटीएस, शहर भागात सीएस), सोबत डीपी रिमार्क (विकास आराखड्यात भूखंडावर काय दाखवले आहे त्याचा दाखला) आणि मिळकत पत्रिका.
- परवडणारी घरे किंवा प्रकल्पबाधितांची घरे यांसाठी राखलेले भूखंड आणि त्यांची आजची स्थिती.
- चालू प्रकल्पांची महारेरावरची नोंद: सदनिकांची संख्या आणि चटई क्षेत्र.
- नोंदणी विभागाच्या ई-सर्चमधून काढलेले सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू). प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाला ते त्यात दिसते. जाहिरातीतली किंमत पुरावा म्हणून देऊ नका.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना महाराष्ट्राचा नियम लक्षात ठेवा: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. शुल्क 10 रुपये. "परवडणाऱ्या घरांविषयी सर्व माहिती द्यावी" असा अर्ज फेटाळायला अगदी सोपा. त्याऐवजी असे मागा (विनियम 15 म्हणजे मोठ्या गृहप्रकल्पांत लहान घरे बंधनकारक करणारा नियम): "विनियम 15 खाली अमुक विभागात दि. … ते दि. … या काळात मंजुरी दिलेल्या प्रस्तावांची यादी, प्रत्येकाचे भूखंड क्षेत्र, सर्वसमावेशक गृहनिर्माणाखाली म्हाडाकडे सोपवलेल्या सदनिकांची संख्या व सोपवल्याची तारीख." 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करा.

टप्पा 3: दोन मजकूर शेजारी ठेवून वाचा

वर्तमानपत्रातली बातमी वाचून हरकत लिहू नका. राजपत्रातली सूचना मिळवा. नगरविकास विभाग आणि नगररचना संचालनालय यांच्या संकेतस्थळांवर ती असते. सूचनेच्या शेवटी परिशिष्ट असते आणि त्यात बहुधा तक्ता असतो: एका रकान्यात आजची तरतूद, दुसऱ्यात प्रस्तावित. आजची तरतूद डीसीपीआरच्या अद्ययावत प्रतीशी जुळते का बघा. ही नियमावली 2018 साली मंजूर झाली. तेव्हापासून तिच्यात इतके फेरबदल झाले आहेत की जुन्या छापील पुस्तकावर विसंबणे धोक्याचे आहे.

शब्द न् शब्द का वाचायचा, त्याचा धडा याच शहरात आहे. 1991 च्या नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. 2001 मध्ये नियमाचा मजकूर बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, जुन्या बांधकामाखालची धरायची नाही, असे ठरले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. गिरणगावात म्हाडाच्या वाट्याला येऊ शकणारी जमीन केवढी आक्रसली ते लालबाग-परळचा कोणीही सांगेल.

वाचताना पुढच्या शब्दांवर पेन्सिल थांबवा: "किंवा", "शक्यतो", "आयुक्तांच्या विशेष परवानगीने", "मूळ", "निव्वळ", "वगळून". घरे गळतात ती याच शब्दांतून.

> तपासा: परवडणाऱ्या घरांचा संबंध कोणत्या विनियमाशी आहे? 33(5) म्हाडा वसाहती, 33(7) उपकरप्राप्त इमारती, 33(9) समूह पुनर्विकास, 33(10) झोपडपट्टी पुनर्वसन, 33(11) कायमस्वरूपी संक्रमण सदनिका, 15 सर्वसमावेशक गृहनिर्माण. 33(7)(ब) जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या पुनर्विकासाचा आहे. 33(7) च्या जागी तो लिहिला की तुमच्या सूचनेचा अर्थच बदलतो.

टप्पा 4: "परवडणारे" म्हणजे किती, ते रुपयांत मांडा

अत्यल्प उत्पन्न गट हे शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरले जातात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या देशपातळीवरच्या व्याख्येत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत. मुंबई महानगर प्रदेशात म्हाडाच्या सोडतीसाठी मर्यादा 6 लाख. पत्रात कोणती व्याख्या धरली ते लिहिले नाही, तर सुनावणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

हिशेब असा करा. वार्षिक 6 लाख म्हणजे महिना 50,000. त्यातले 30 टक्के घरावर धरले तर 15,000. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखामागे सुमारे 868 रुपये पडतो. म्हणजे कर्ज झेपेल सव्वासतरा लाखांच्या आसपास. किमतीच्या 20 टक्के रक्कम घरातून उभी केली, तरी घराची किंमत साडेएकवीस लाखांच्या पुढे जाता कामा नये.

आता त्यात देखभाल खर्च घाला. बहुतेक पत्रे तो विसरतात. उंच इमारतीतल्या लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा महिना 2,500 धरला, तर हप्त्याला उरतात 12,500 आणि कर्ज उतरते साधारण 14 लाख 40 हजारांवर. घर मिळूनही देखभाल न झेपल्याने ते भाड्याने देऊन कुटुंब पुन्हा वस्तीत जाते, त्याचे कारण या वजाबाकीत आहे. आपल्या भागातला देखभालीचा खरा आकडा पुनर्वसन इमारतींच्या पावत्यांवरून घ्या. दहा-बारा पावत्यांच्या प्रती जोडल्या तर तो मुद्दा खोडून काढणे अवघड जाते.

मागणी किती आहे ते दाखवायला म्हाडाच्या सोडतीचे आकडे पुरतात. 2024 च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत 2030 घरे होती आणि अर्ज लाखाच्या पुढे गेले होते.

टप्पा 5: सूचना लिहा

सगळी मेहनत इथे उपयोगाला येते, म्हणून या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. एका मुद्द्याला एक पान. प्रत्येक पानावर पाच गोष्टी, याच क्रमाने:

1. राजपत्रातल्या सूचनेचा क्रमांक, तारीख आणि विनियमाचा नेमका उपविभाग.
2. प्रस्तावित मजकूर, जसाच्या तसा.
3. तुम्हाला हवा असलेला मजकूर, नियमाच्या भाषेत.
4. कारण, चार-पाच ओळींत, आकड्यासह.
5. येणारा आक्षेप आणि त्यावरची तुमची तोड.

तिसरी गोष्ट सर्रास सुटते. हवा असलेला बदल वर्णन करून सांगितला जातो, लिहून दिला जात नाही. एक उदाहरण पूर्ण करून बघू.

विनियम 15 प्रमाणे 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पात 30 ते 50 चौरस मीटरची लहान घरे बांधावी लागतात, आणि त्यांचे प्रमाण मूळ चटई क्षेत्र निर्देशांकाच्या 20 टक्के. "मूळ" या शब्दाचे वजन मोजा. समजा उपनगरात 6,000 चौरस मीटरचा भूखंड आहे. मूळ निर्देशांक 1, म्हणजे लहान घरांसाठी 1,200 चौरस मीटर. पण अधिमूल्य (जादा बांधकामासाठी भरायची रक्कम) भरून आणि टीडीआर (दुसरीकडचे हस्तांतरित विकास हक्क) घेऊन विकासकाने निर्देशांक 2 वापरला, तर एकूण क्षेत्र होते 12,000. इतर सवलती बाजूला ठेवल्या तर लहान घरांचा खरा वाटा 10 टक्के. कागदावर 20, जमिनीवर 10.

या विनियमात फेरबदलाची सूचना निघाली तर दुबळी सूचना अशी असते: "लहान घरांचे प्रमाण वाढवावे." पक्की सूचना अशी:

"'मूळ चटई क्षेत्र निर्देशांकाच्या 20 टक्के' या शब्दांऐवजी 'अधिमूल्य व विकास हक्क हस्तांतरण यांसह प्रत्यक्ष वापरलेल्या एकूण चटई क्षेत्र निर्देशांकाच्या 20 टक्के' हे शब्द दाखल करावेत."

मग आक्षेप. विकासक दोन गोष्टी म्हणतील: प्रकल्प परवडणार नाही, आणि (हे उघड म्हणणार नाहीत) भूखंडाचे तुकडे करून 4,000 च्या खाली उतरू. पहिल्यासाठी लहान घरांच्या क्षेत्रावरचे अधिमूल्य माफ करण्याचा पर्याय द्या. दुसऱ्यासाठी एक ओळ लिहून द्या: "अमुक दिनांकानंतर एकाच मालकीच्या भूखंडाची विभागणी झाली असल्यास, या विनियमाच्या प्रयोजनार्थ सर्व तुकड्यांचे क्षेत्र एकत्र धरण्यात येईल." पळवाट आधीच बुजवलेली सूचना अहवालात टिकते.

राज्याच्या गृहनिर्माण धोरणाचा आधार घ्या. मे 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेले "माझे घर, माझा अधिकार" हे धोरण अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांच्या घरांची भाषा करते. पण धोरण म्हणजे नियम नव्हे. त्यातले वाक्य डीसीपीआरमध्ये किंवा शासन निर्णयात उतरेपर्यंत कोणत्याही विकासकावर ते बंधनकारक नसते. म्हणून पत्रात धोरणातला परिच्छेद दाखवून "हे या विनियमात या शब्दांत उतरवावे" असे लिहा.

> सावधान: राजपत्रातल्या सूचनेच्या विषयाबाहेर जाऊ नका. फेरबदल 33(7) चा असेल आणि तुम्ही विनियम 15 वर लिहिले, तर ते "विषयाशी संबंधित नाही" म्हणून बाजूला जाईल. सूचना निघालेली नसताना बदल हवा असेल तर वेगळा अर्ज करा: कलम 37(1) खाली फेरबदलाची कार्यवाही करण्याचे निर्देश महापालिकेला द्यावेत, अशी विनंती नगरविकास विभागाकडे. कलम 37 मध्ये आराखड्याचे मूळ स्वरूप न पालटणारे बदलच बसतात, तेव्हा मागणीची व्याप्ती तशी ठेवा.

सह्यांविषयी. एकाच मजकुराची हजार पत्रे अहवालात "समान स्वरूपाच्या हरकती" म्हणून एका ओळीत येतात. संख्या दाखवायची असेल तर एक सामायिक पत्र सह्यांसह द्या. बाकीची ताकद पंधरा-वीस वेगळ्या पत्रांवर लावा, ज्यात प्रत्येकाने आपला भूखंड, आपली इमारत, आपल्या पावत्या मांडल्या आहेत. भायखळ्याच्या उपकरप्राप्त चाळीचा प्रश्न मानखुर्दच्या प्रकल्पबाधितांच्या इमारतीचा नसतो. पत्रेही सारखी दिसायला नकोत.

टप्पा 6: दाखल करा आणि पोच घ्या

पत्ता सूचनेत दिलेला असतो. शासनाच्या सूचनेसाठी तो बहुधा उपसंचालक, नगररचना, बृहन्मुंबई यांचा असतो. पत्र मंत्रालयात दिले म्हणून तिकडे आपोआप पोहोचेल असे धरू नका. मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची, तेही सूचनेतच वाचा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. चार दिवस हाताशी ठेवा.

दोन प्रती न्या. बारनिशीत (आवक-जावक कक्षात) एक द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसती सही पुरत नाही. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्ट करा. रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा 2025 मध्ये त्यातच विलीन झाली आहे. सूचनेत ईमेल दिला असेल तर तिथेही पाठवा, पण शिक्क्याची प्रत हवीच.

पत्राच्या शेवटी हे वाक्य न चुकता लिहा: "प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी." खाली फोन क्रमांक आणि पूर्ण पत्ता. संघटनेच्या नावे पत्र असेल तर सुनावणीला कोण येणार, त्याचे नाव देऊन ठेवा.

टप्पा 7: सुनावणी

वेळ थोडा असतो. अख्खे पत्र वाचून दाखवायला जाऊ नका, ते त्यांच्यापुढे असते. एक मुद्दा, एक आकडा, एक पर्यायी वाक्य. शक्य असेल तर ज्याच्या घराचा प्रश्न आहे त्याने बोलावे आणि नियम वाचलेल्याने शेजारी कागद घेऊन बसावे. निघताना लेखी म्हणणे पुन्हा द्या आणि त्याचीही पोच घ्या.

टप्पा 8: सुनावणीनंतरचे महिने

अधिकाऱ्याचा अहवाल शासनाकडे जातो, नगररचना संचालकांचा सल्ला घेतला जातो आणि कलम 37(2) खाली निर्णय होतो. या काळात सगळे शांत असते, आणि संघटना इथेच थकतात. आमदाराला भेटायची खरी वेळ हीच. विधिमंडळाची अधिवेशने अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ केली तर हाती फार तर लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे सभागृहात मंत्र्यांचे लक्ष वेधणे) राहते. आमदाराला निवेदन देण्याऐवजी प्रश्नाचा तयार मसुदा द्या: "अमुक सूचनेवर किती हरकती आल्या, सुनावणी कधी झाली, अहवाल शासनास कधी प्राप्त झाला, निर्णय प्रलंबित असल्यास विलंबाची कारणे काय?" अशा प्रश्नाला तारखांचेच उत्तर द्यावे लागते.

न्यायालयाचा विचार शेवटी करा. जनहित याचिकेत तुम्ही वेळेत हरकत घेतली होती का, पुरावा काय दिला होता, हे विचारले जाते. तेव्हा टप्पा 6 मधली शिक्क्याची प्रत कामी येते.

अंतिम अधिसूचना निघाली की ती मसुद्याशेजारी ठेवा आणि फरकांवर खुणा करा. मग माहिती अधिकारात हे मागा: "दि. … च्या सूचनेवर प्राप्त हरकती-सूचनांचा गोषवारा, सुनावणी अधिकाऱ्याचा अहवाल, नगररचना संचालकांचे अभिप्राय आणि नस्तीतील टिप्पणीच्या पानांच्या प्रती." (नस्ती म्हणजे कार्यालयीन फाइल.) तुमच्या सूचनेपुढे कोणता शेरा मारला आहे ते त्यात दिसेल. "आकडेवारी सादर केलेली नाही" असा असेल तर टप्पा 2 ची फाइल अपुरी होती. "विषयाबाहेरील" असेल तर कलम 37(1) चा अर्ज आता करा. "व्यवहार्य नाही" असेल तर व्यवहार्यतेचा हिशेब कोणी आणि कशावरून केला, त्याची प्रत मागणारा पुढचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.